चित्र बिघडते कोठे?

कुंभकोणम हे नाव मराठी माणसास अगदीच परके नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा ह्या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव ह्यांचा जन्म १८२८ साली ह्याच गावी झाला. तंजावरच्या भोसले राजघराण्याच्या आश्रयाने दक्षिणेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे त्या परिसरात आजही नांदत आहेत. कावेरी आणि अरसलार ह्या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले हे देवळांचे, पितळी भांड्यांचे आणि कडक कॉफीचे गाव गणिती रामानुजन ह्यांच्या बालपणामुळेही प्रसिद्ध आहे. अशा ह्या जुन्या गावात काय किंवा आपल्याकडील सांगली-अकोल्यात काय, आजच्या तरुण पिढीस एका नव्या छंदाने वेड लावले आहे. खेळांसाठी लागणारा शक्तिमान संगणक तयार विकत न घेता त्याचे सुटे भाग एकेक करून जमवावयाचे आणि ते घरीच जुळवून यंत्र उभे करावयाचे, हा तो छंद होय.

छंद चांगलाच आहे. त्यात पैशाची बचत होते, हाताला वळण लागते आणि यंत्राच्या अंतरंगाची ओळख होते. परंतु त्याबरोबर एक जबाबदारीही अंगावर येते. तयार संगणक बिघडला तर ज्या कंपनीने तो बनविला तिच्याकडे बोट दाखविता येते. जुळविलेल्या संगणकात मदरबोर्ड एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचे, वीजपुरवठ्याची पेटी तिसऱ्याची आणि मॉनिटर चौथ्याचा असतो. प्रत्येकाची हमी वेगळी, मुदत वेगळी. त्यामुळे बिघाड झाला म्हणजे तो नेमका कोणाचा, हे आधी मालकालाच ठरवावे लागते.

ह्या बिघाडांपैकी सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे पडद्यावरील चित्राचा बिघाड. खेळ ऐन रंगात आला असता पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा सडा पडतो. कधी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटतात. कधी एखाद्या आकृतीतून लांबच लांब सुळे बाहेर पडून आकाशाला भिडतात. तर कधी पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळतो. पाहणारा घाबरतो आणि बहुधा एकच निष्कर्ष काढतो, की ग्राफिक्स कार्ड गेले. हे कार्ड बहुतेक वेळा साऱ्या यंत्रातील सर्वांत महाग भाग असते. त्याची किंमत पंचवीस-तीस हजारांपासून लाखाच्या पलीकडे जाते. दोष दहा मिनिटांत सापडणारा असूनही घाईने नवे कार्ड घेतले, किंवा धडधाकट कार्ड पार्सलाने चेन्नईस धाडले आणि महिन्याभराने ते ‘दोष आढळला नाही’ ह्या शेऱ्यासह परत आले, तर नुकसान पैशाचेही आणि मनस्तापाचेही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तो न्याय येथे अगदी सहज घडतो. तो घडू नये म्हणून चित्र तयार कसे होते, हे आधी थोडक्यात समजून घेतले पाहिजे.

आज सर्वसामान्य मानल्या जाणाऱ्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू झाले. असे चित्र सेकंदास साठ वेळा नव्याने रेखाटले जाते. सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी बिंदूंचा रंग ठरवावयाचा, तोही प्रत्येक आकृतीचे अंतर, तिच्यावर पडणारा प्रकाश आणि तिची सावली ह्यांचा हिशेब करून! हे काम एका मुख्य प्रोसेसरला झेपणारे नव्हे. म्हणून शेकडो-हजारो लहान गणनयंत्रे एकत्र राबविणारी स्वतंत्र चिप निर्माण झाली. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून ह्या चिपेस ‘जीपीयू’ म्हणण्याचा प्रघात रूढ झाला.

चित्राचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. प्रथम खेळाचा प्रोग्राम ‘अमुक ठिकाणी अमुक आकृती काढ’ अशी आज्ञा देतो. ड्रायव्हर नावाचा दुसरा प्रोग्राम त्या आज्ञेचे कार्डाला समजेल अशा भाषेत रूपांतर करतो. कार्डावरील चिप हिशेब करते आणि तयार चित्र कार्डाच्याच स्मृतीत साठविते. तेथून ते केबलमार्गे मॉनिटरकडे जाते आणि मॉनिटर ते पडद्यावर उजळतो. ह्या साऱ्यांस वीज पुरविणारी पेटी आणि त्यांची उष्णता वाहून नेणारे पंखे हे पडद्याआडचे सेवक. ह्यांपैकी कोणीही चुकला तरी चूक दिसते ती मात्र पडद्यावर.

कुंभकोणमजवळच स्वामीमलै येथे पंचधातूच्या मूर्ती ओतण्याची परंपरा चोळांच्या काळापासून चालत आलेली आहे. तेथील स्थपती आधी मेणाची मूर्ती घडवितो, तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचा लेप देतो, भट्टीत मेण वितळवून काढतो आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततो. साचा फोडल्यावर मूर्तीच्या अंगावर एखादा डाग किंवा छिद्र दिसले, तर दोष मेणात होता, मातीत होता की रसात होता, हे त्या व्यंगाच्या स्वरूपावरून ठरवावे लागते. कानशीने वरवर घासून मूळ कारण जात नाही. पडद्यावरील चित्राचेही असेच आहे. व्यंग दिसले म्हणजे ते कोणत्या टप्प्यावर शिरले, हा पहिला प्रश्न.

सुदैवाने ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी काही साध्या कसोट्या आहेत. त्यांना एक पैसाही खर्च येत नाही.

पहिली कसोटी स्क्रीनशॉटची. पडद्यावर ठिपके दिसत असताना संगणकालाच त्या चित्राची नक्कल घेण्यास सांगावे आणि ती नक्कल दुसऱ्या एखाद्या फोनवर किंवा संगणकावर उघडून पाहावी. ही नक्कल कार्डाच्या स्मृतीतून घेतली जाते. केबल आणि मॉनिटर ह्यांचा तिच्याशी संबंध येत नाही. नकलेतही ठिपके असतील तर दोष कार्ड, ड्रायव्हर किंवा प्रोग्राम ह्यांच्या बाजूस आहे. नक्कल स्वच्छ निघाली, तर बहुधा दोष केबल अथवा मॉनिटर ह्यांच्याकडे आहे. मग केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी, दुसरी केबल लावून पाहावी, घरातील दूरदर्शन संच मॉनिटर म्हणून जोडून पाहावा. दीडदोनशे रुपयांच्या केबलीवरून सेकंदाला काही अब्ज संकेत धावत असतात; तिचे एक टोक जरासे ढिले असले तरी पडद्यावर चांदण्या चमकू लागतात. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. वेगाने मान वळविताना चित्र मधोमध आडवे फाटल्यासारखे दिसते, तेही नकलेत उमटत नाही. परंतु तो बिघाडच नव्हे. कार्डाचा चित्रे काढण्याचा वेग आणि मॉनिटरचा ती दाखविण्याचा वेग जुळत नसल्याचे ते लक्षण होय. खेळाच्या सेटिंगमध्ये ‘व्ही-सिंक’ चालू केले की ते बहुधा थांबते.

दुसरी कसोटी वेळेची. यंत्र चालू करताच कंपनीचे बोधचिन्ह दिसते, तेव्हा विंडोजही उघडलेले नसते आणि तिचा ड्रायव्हरही जागा झालेला नसतो. व्यंग तेथेच दिसू लागले तर ड्रायव्हर आणि खेळ दोघेही निर्दोष ठरतात. कार्ड, त्याची जोडणी, केबल आणि मॉनिटर एवढेच आरोपी उरतात. ह्याउलट बोधचिन्ह स्वच्छ आणि विंडोज उघडताच बिघाड, अशी स्थिती असेल तर संशय प्रथम ड्रायव्हरवर घ्यावा. जुना ड्रायव्हर पूर्णपणे काढून टाकून कार्डाच्या उत्पादकाकडूनच मिळालेला नवा घालावा. बिघाड नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल, तर मागच्या आवृत्तीकडे परतावे. पडदा काळा होऊन लगेच पूर्ववत होतो आणि ‘ड्रायव्हर थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला’ अशा अर्थाची सूचना येते, तिचाही उलगडा येथे होतो. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण दोन सेकंद वाट पाहते आणि उत्तर न आल्यास ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. कार्डाने उत्तर का दिले नाही, हे मात्र त्या सूचनेत नसते. म्हणून केवळ ती वाचून ड्रायव्हरला दोष देणे योग्य नव्हे.

तिसरी कसोटी व्याप्तीची. व्यंग एकाच खेळात दिसते की सर्वत्र? एकाच खेळात भिंतींना रंग नाही किंवा माणसांचे चेहरे अदृश्य आहेत असे असेल, तर त्या खेळाच्या फायली अपुऱ्या किंवा बिघडलेल्या असण्याचा संभव अधिक. खेळ पुरविणाऱ्या प्रोग्रामांतच फायली तपासण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा.

चौथी कसोटी सर्वांत बोलकी. बिघाड यंत्र थंड असताना होतो, की दहापंधरा मिनिटे खेळल्यावर? दुसरी स्थिती असेल तर उष्णतेकडे वळले पाहिजे. आणि येथे कुंभकोणमसारख्या गावाचे हवामान प्रत्यक्ष विषयात येते. मोठे कार्ड दोनतीनशे वॅट वीज सहज घेते. छताला टांगलेला जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे पंचाहत्तर वॅट घेतो, हे ध्यानात आणले म्हणजे त्या पेटीत केवढी भट्टी पेटलेली असते ह्याची कल्पना येईल. पंख्याने थंड होणारी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड कधीच होऊ शकत नाही. ती हवेच्या वर काही ठराविक अंश चढूनच स्थिरावते. समजा, २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत कार्ड ७२ अंशांवर स्थिर राहते. तेच कार्ड, तोच खेळ, पंख्यांचा तोच वेग. परंतु वैशाखात खोली ३८ अंशांवर गेली, तर कार्ड ८६ अंशांच्या आसपास जाईल. म्हणूनच परदेशी परीक्षणांत ‘थंड’ म्हणून नावाजलेले यंत्र कावेरीच्या खोऱ्यात किंवा आपल्या विदर्भात त्रास देऊ लागते. यंत्र वाईट नसते. परीक्षा वेगळ्या ऋतूत झालेली असते.

उपाय सोपे आहेत. पेटी भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नये. एक बाजू उघडून टेबलाचा पंखा समोर लावून पाहावा. व्यंग नाहीसे झाले तर दोष उष्णतेचा हे सिद्ध झाले. मग पंख्यांच्या पात्यांवरील आणि धातूच्या पापुद्र्यांमधील धूळ काढावी. ईशान्य मोसमी पावसाच्या, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दिवसांत, ही धूळ ओलसर होऊन घट्ट बसते. कोरड्या मऊ ब्रशने आणि हवेच्या झोताने ती निघते. झोत देताना पंखा बोटाने धरून ठेवावा. जुन्या कार्डात चिप आणि धातू ह्यांमधील लेप वाळलेला असतो, तो बदलावा लागतो. परंतु हमीची मुदत शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात.

उष्णतेनंतर क्रम विजेचा. कार्ड ज्या खाचेत बसते तिच्यातून त्याला पंचाहत्तर वॅटच मिळू शकतात. उरलेली वीज वीजपुरवठ्याच्या पेटीतून निघणाऱ्या स्वतंत्र तारांनी येते. सहा टोकांच्या जोडणीतून पंचाहत्तर आणि आठ टोकांच्या जोडणीतून दीडशे वॅट, असा संकेत ठरलेला आहे. कार्डाला दोन जोडण्या असतील तर एकाच तारेचे दोन फाटे लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र तारा लावणे श्रेयस्कर. खेळातील दृश्य एकदम भडकले की कार्डाची मागणी क्षणार्धात उसळी घेते. स्वस्तातली पेटी त्या वेळी कमी पडते, आणि मग पडदा काळा होतो किंवा सारे यंत्रच बंद पडते. म्हणजे दुखणे पेटीचे आणि औषध कार्डाला, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! जोडणीचे महत्त्व किती, हे २०२२ साली जगाने पाहिले. एनव्हिडियाच्या अतिशक्तिमान ‘आरटीएक्स ४०९०’ कार्डांच्या नव्या पद्धतीच्या जोडण्या काही ठिकाणी वितळल्या. त्या पूर्ण खोलवर बसविल्या गेल्या नव्हत्या, हे एक प्रमुख कारण कंपनीने दिले.

घराच्या विजेचाही विचार हवा. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हजारो विजेचे खांब कोसळले. असे प्रसंग विरळा. परंतु वीज जाणे-येणे आणि दाब चढणे-उतरणे हे लहान गावांत अपरिचित नाही. योग्य अर्थिंग आणि पुरेशा शक्तीचा यूपीएस ह्यांवरील खर्च कार्डाच्या किमतीपुढे अल्प असतो. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कोणीही स्वतः उघडू नये. बटण बंद केल्यावरही तिच्यातील कपॅसिटरांत प्राणघातक भार साठून राहू शकतो.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर यंत्र बंद करून, वायर काढून, धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी आणि कार्ड खाचेतून काढून पुन्हा बसवावे. आजची कार्डे वजनाने जड असतात. आडवी लटकल्यामुळे ती वाकतात आणि खाचेतील स्पर्श ढिला होतो. चिपेचा किंवा रॅमचा वेग नेहमीपेक्षा वाढविला असेल तर तो मूळ पदावर आणावा. कित्येकदा दोष कार्डाचा नसून ह्या हौसेचा असतो. मुख्य प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्रशक्ती असेल तर कार्ड काढून मॉनिटर थेट मदरबोर्डास जोडावा. चित्र स्वच्छ राहिले तर संशयाची सुई कार्डाकडे आणखी वळते. शेवटची कसोटी म्हणजे कार्ड मित्राच्या यंत्रात लावून पाहणे. तेच व्यंग तेथेही उमटले तर कार्डाचा दोष सिद्ध झाला असे समजावे.

कारण कार्डे बिघडतात, हेही खरेच. रंगीत ठिपके आणि चौकोनांची जाळी थंड यंत्रातही, प्रत्येक खेळात, मूळ वेगावर दिसत राहिली, तर कार्डावरील स्मृतीच्या चिपा किंवा त्यांचे सोल्डरचे टाके निकामी होत असतात. असा दोष मोठमोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली ‘एक्सबॉक्स ३६०’ ह्या खेळयंत्रातील बिघाडांपायी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. एनव्हिडियाने २००८ साली लॅपटॉपमधील आपल्या काही चिपांच्या सदोष वेष्टनाबद्दल पंधरा ते वीस कोटी डॉलरांचा बोजा मान्य केला. तापणे आणि निवणे ह्यांच्या सततच्या चक्राने सूक्ष्म सांधे कसे थकतात, ह्याची ही उदाहरणे आहेत. अशा कार्डास भट्टीत किंवा ओव्हनमध्ये भाजण्याचा तोडगा काही जण सांगतात. त्याने क्वचित चारदोन आठवडे जीव धरतो, परंतु दोष जात नाही. शिवाय ज्या चुलीवर घरचे अन्न शिजते तेथे विषारी वाफा सोडणे हे शहाणपणाचे नव्हे.

ह्या साऱ्या तपासणीत एक नियम कसोशीने पाळावयाचा असतो : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर बदलला, केबल बदलली, धूळही काढली आणि बिघाड थांबला, तर तो कशाने थांबला हे कळत नाही. आठवड्याने परत आला तर पुन्हा श्रीगणेशा. म्हणून जवळ एक वही ठेवावी आणि तारीख, काय बदलले, खोली किती तापलेली होती, किती मिनिटांनी काय दिसले, हे लिहून काढावे. कुंभकोणमच्या रामानुजनांच्या वह्यांत निष्कर्ष लिहिलेले आढळतात, सिद्धता मात्र क्वचितच. त्या प्रतिभेस ते शोभले. इतरांनी पायऱ्याही लिहून ठेवाव्यात. हीच वही, बिघाडाचे स्क्रीनशॉट आणि खरेदीची पावती ह्यांसह कार्ड हमीकेंद्राकडे गेले, तर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारणे तेथील माणसालाही अवघड जाते.

कुंभकोणमच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मुलाने ही तपासणी एकदा मनापासून केली, तर कार्ड वाचो वा न वाचो, त्याचे श्रम वाया जात नाहीत. विहिरीवरचा पंप बंद पडला, घरातील दिवे मिणमिणू लागले किंवा मोटारसायकल सुरू होईनाशी झाली, तरी तपासाची रीत हीच असते. दोष जेथे दिसतो तेथून मागे मागे जात एकेक टप्पा निर्दोष ठरवावयाचा आणि उरेल त्यावरच खर्च करावयाचा. वडिलांच्या कष्टाचे तीस-चाळीस हजार रुपये नव्या कार्डावर घालण्यापूर्वी एक संध्याकाळ, एक वही आणि दुसरी एक केबल एवढे भांडवल त्या मुलास पुरेसे आहे.